गोठ्यातली गाडी बाहेर काढताना

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गॅरेजासमोर दरवर्षी एक तरी मोटारसायकल ढकलत येते. टाकीवर कबुतरांनी केलेलं रंगकाम, सीटच्या फाटक्यातून डोकावणारी कडब्याची काडी, दोन्ही टायर बसलेले. ढकलणारा पुण्यात नोकरीला असतो. "मिस्त्री, बाबांची गाडी आहे, आठ वर्षं गोठ्यात उभी होती. चालू करून द्या." इथपर्यंत मला बरं वाटतं. मग तो म्हणतो, "सकाळपासून शंभर किका मारल्या, घेतच नाही," आणि माझ्या पोटात गोळा येतो.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला पहिल्या दिवशी किक मारायची नसते. ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, आतलं तेल कधीच खाली उतरून गेलेलं असतं, पिस्टनवरच्या रिंगा जिथं थांबल्या तिथं गंजाची बारीक रेघ धरलेली असते. प्रत्येक किकेला पिस्टन त्या गंजावरून कोरडा घासत जातो. शंभर किका म्हणजे शंभर वेळा पॉलिश पेपर. ज्या गाडीला फक्त प्लग आणि पेट्रोल लागणार होतं तिला आता बोअर लागतो, म्हणजे ब्लॉक आतून कोरून मोठा करावा लागतो.

माझं गॅरेज अंबाजोगाईत आहे, १९९८ पासून. त्याआधी पाच वर्षं लातूरला एका उस्तादांकडं होतो, त्यातली पहिली दोन नुसते नट धुण्यात गेली. माझ्याकडं येतात त्या बहुतेक हवेवर गार होणाऱ्या जुन्या गाड्या. सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, एखादी यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स, अधूनमधून पुढं तेलाचा कूलर असलेली पल्सर २२०. हे लिहितोय ते ज्याला स्वतःच्या हातानं गाडी उभी करायची आहे त्याच्यासाठी. हाताशी पान्यांचा संच, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), चांगला पेचकस आणि दोन रविवार असले की बरंच काम घरच्या ओट्यावर होतं.

आधी प्लग काढायचा, पण त्याच्याही आधी प्लगभोवतीची माती फुंकून काढायची. आमच्याकडची काळी माती त्या खळग्यात वडीसारखी बसलेली असते, प्लग निघाला की सरळ पिस्टनवर पडते. मग त्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडायचं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हातानं पुढच्या दिशेला हळूहळू फिरवा. प्लग बाहेरच असू द्या. पिस्टन वर-खाली होतोय हे भोकातून येणाऱ्या फुस्स आवाजावरून कळतं. चाक अडलं तर जोर करू नका. तेलात थोडं डिझेल मिसळून सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. बहुतेक वेळा सुटतं. आठवड्यानंतरही सुटलं नाही तर ब्लॉकवरचं हेड उघडावं लागणार, त्याला इलाज नाही.

दरम्यान एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. उंदराचं घरटं, कापसाची बोंडं, एकदा तर मला पोरांच्या वहीची चघळलेली पानं मिळाली. टाकीतलं जुनं पेट्रोल बाटलीत काढा. त्याला वॉर्निशचा वास येत असेल तर कार्बोरेटरमध्ये काय झालंय हे उघडण्याआधीच ओळखायचं. टाकीत बॅटरीचा उजेड टाकून गंज बघा. थोडा असेल तर मूठभर स्वच्छ नट आणि पेट्रोल टाकून टाकी हलवायची, गाळायची, पुन्हा हलवायची. पापुद्रे निघत असतील तर टाकी कामाला द्या. नाहीतर दर आठवड्याला कार्बोरेटर उघडत बसाल.

आता पेट्रोलचं. पंपावर मिळतं त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. आमच्याच शिवारातल्या उसाचं असेल, तक्रार करायला तोंड नाही. पण जुन्या गाडीला त्याचे दोन त्रास होतात. एक, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज धरतो. दोन, जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या सुईचं टोक, त्याच्या वाटीची ओ-रिंग हे सगळं फुगतं नाहीतर कडक होतं. म्हणून या तीन वस्तू न बघता बदला, किंमत किरकोळ आहे.

तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट. कार्बोरेटर मुका आहे. टाकीत काय भरलंय ते त्याला कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो. त्यामुळं जुनी गाडी आता पूर्वीपेक्षा थोडी उपाशी चालते, आणि उपाशी इंजिन गरम होतं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत हा थोडा फरकही दिसतो.

कार्बोरेटर उघडलात तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापानं सोडणाऱ्या त्या भोकाच्या तुकड्यात, स्टीलची तार घालू नका. ही चूक मी शिकाऊ असताना केली. उस्तादांनी जेट उजेडाकडं धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि काही न बोलता माझ्या खिशात टाकला. नव्या जेटचे पैसे त्या आठवड्याच्या पगारातून गेले. पितळेचं ते भोक केसाएवढं असतं, स्टीलनं ते अंडाकृती होतं आणि मग गाडी कधीच स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी राहत नाही. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा घ्या, किंवा टूथब्रशचा केस, आणि हवा मारा. बाजूचा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून भिंतीवर लिहा. माझ्या भिंतीवर असे १९९८ पासूनचे आकडे आहेत. हा स्क्रू स्लाइडच्या (थ्रॉटल ओढला की कार्बोरेटरमध्ये वर सरकते ती) फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. हे उलटं करून दिवसभर डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

गाडी चालू झाली की लोक खूश होऊन निघून जातात. मे महिन्यात परत येतात. "मिस्त्री, गाडी लई गरम व्हायलीय." खरं काम तिथून पुढं आहे.

हवेवर गार होणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही, पंखा नाही. ब्लॉकवरच्या आणि हेडवरच्या त्या पात्या हाच त्याचा रेडिएटर. त्यातून वारा वाहिला तर इंजिन जगतं. आमच्याकडं काय होतं, पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल पात्यांमध्ये भरतो, वरून तेलाचा ओलावा, मग उन्हानं तो विटेसारखा भाजून निघतो. बाहेरून गाडी धुतलेली दिसते. खाली वाकून पुढच्या चाकाच्या बाजूनं बघा, दोन पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो का? दिसत नसेल तर तुम्ही इंजिनाला गोधडी पांघरून चालवताय.

इंजिन पूर्ण गार असताना पात्यांवर डिझेल लावून तासभर मुरू द्या. मग बांबूची पातळ चोई घेऊन एकेक फट साफ करा. पेचकस घालू नका, पाती तुटते. शेवटी साबणाचं पाणी. हेडच्या मागची बाजू, जिथं इनलेटचा जोड आहे, ती कुणीच साफ करत नाही, तिथं हात जात नाही म्हणून. तिथंच जास्त माती असते. आणि साफ झाल्यावर पात्यांना चंदेरी ऑइलपेंट मारू नका. आमच्याकडं पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तसं दसऱ्याला इंजिन रंगवायची हौस आहे. जाड रंगाचा थर उष्णता अडवतो. मारायचाच असेल तर उष्णता सोसणारा काळा रंग, तोही एकच पातळ हात.

हिवाळ्यात पायाला गार लागू नये म्हणून लेगगार्डला पोतं नाहीतर फ्लेक्सचा तुकडा बांधतात. जानेवारीत चालतं. मार्चमध्ये ते काढायचं राहून जातं. पोतं बांधलेली गाडी, मागं दुधाचे दोन कॅन, तिसऱ्या गिअरमध्ये चढ. मग इंजिनाचं काय होणार? रेल्वे फाटकावर गाडी चालू ठेवून गप्पा मारणं हाही तोच प्रकार, उभ्या गाडीला वारा मिळत नाही.

इंजिन फार तापलंय हे कसं कळतं? न्यूट्रल सापडेनासा होतो. चढावर हेडमधून काचेच्या गोट्या हलवल्यासारखा बारीक टिकटिक आवाज येतो. स्लो आपोआप खाली बसतो, पिकअप मरतो. असं झालं की सावलीत थांबा, इंजिन बंद करा, अर्धा तास जाऊ द्या. कॅनॉलचं पाणी आणून ओतू नका. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते वाकतं, पाती तडकते, आणि पॅकिंग फुंकली की मग माझ्याकडंच यायचं.

पात्या साफ असूनही तापत असेल तर प्लग बघा, पण नीट बघा. स्लोवर चालवून काढलेला प्लग खोटं सांगतो. सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन किलोमीटर दमदार चालवा, मग चालतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. टोक भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर इंजिन उपाशी आहे. इंजिन गार असताना स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि हेडच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा आत शिरतेय, ओ-रिंग बदला. जोड ठीक असेल तर स्लाइडच्या सुईचं लॉक एक खाच खाली सरकवा, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. नंतर मुख्य जेट एका नंबरानं मोठा. एकावेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा प्लग.

तेलावर मी जरा जास्त बोलतो, पोरं कंटाळतात. हिरो होंडा १९८५ ला सीडी १०० घेऊन आली तेव्हा त्यांची जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरा. आमच्याकडं लोकांनी त्यातलं 'विसरा' एवढंच मनावर घेतलं. या इंजिनात एक लिटरसुद्धा तेल बसत नाही. तेवढ्याच तेलावर क्रँक, कॅम, गिअर, क्लच सगळं चालतं, आणि पिस्टनची उष्णता बाहेर न्यायचं कामही तेच तेल करतं. त्यातलं पाव लिटर जळलं तर ते एक चतुर्थांशाहून जास्त झालं. दर पंधरा दिवसांनी स्टिक पुसून बघा. धुळीच्या रस्त्यावर रोजचं चालणं असेल तर दोन हजार किलोमीटरला तेल बदला.

डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं तेल घ्या. मोटारसायकलचा क्लच याच तेलात बुडालेला असतो. चारचाकीचं घसरट तेल घातलं की क्लच प्लेटा सटकायला लागतात, आणि माणूस विनाकारण प्लेटा बदलतो. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तीच. "उन्हाळा आहे, जाड घाला" असं सांगणाऱ्यांचं ऐकून स्प्लेंडरमध्ये ट्रॅक्टरचं तेल ओतलेलं मी पाहिलंय.

या जुन्या होंडा जातीच्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्लचच्या बाजूचं कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला वाटीसारखा एक भाग दिसतो. तो इंजिनाबरोबर गरगर फिरतो आणि तेलातली घाण बाहेर फेकून भिंतीला चिकटवतो, ताक घुसळताना लोणी कडेला लागतं तसं. बहुतेक गाड्यांची ही वाटी जन्मात उघडलेली नसते. उघडा आणि आत बोट फिरवा. काळं, मेणासारखं, बोटावर जड लागणारं जे निघतं ती क्लचची भुकटी आणि धातूची धूळ. लाकडी काडीनं खरवडून पेट्रोलनं धुवा. शेजारची जाळीही काढून धुवा. कव्हरची पॅकिंग नवीनच लावा. आणि खालचा ड्रेन बोल्ट जिवाच्या आकांतानं आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की पंचवीस रुपयांच्या वॉशरचं काम हजारावर जातं.

टॅपेट, म्हणजे हेडमधला वॉल्व्ह दाबून उघडणारा भाग; त्याच्यात आणि वॉल्व्हमध्ये बारीक फट ठेवायची असते. उस्ताद म्हणायचे, "बोलता टॅपेट अच्छा रे, चुप बैठा तो वॉल्व्ह खाता." लोक मात्र उलट मागणी करतात, "जरा आवाज बंद करून द्या." आवळून दिला की आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पण गरम झाल्यावर वॉल्व्हची दांडी लांबते, फट उरलेली नसते, वॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि कडेनं आगीची जीभ जात राहते. एक्झॉस्ट वॉल्व्हची कड नखाएवढी जळून गेलेली माझ्या डब्यात आहे, शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला ठेवलीय.

गाडी रात्रभर गार झालेली पाहिजे. सकाळी चहाच्या आधी हे काम करा. प्लग काढा, डाव्या कव्हरवरची दोन्ही टोपणं काढा. मधल्या भोकातून नटाला पाना लावून चाक पुढं जातं त्याच दिशेनं इंजिन फिरवा. वरच्या भोकात मॅग्नेटवरची 'टी'ची रेघ खुणेसमोर आली की थांबा. आता दोन्ही टॅपेट बोटानं हलवून बघा. दोन्ही जरा हलले पाहिजेत. एक घट्ट लागत असेल तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात, पूर्ण एक फेरा अजून फिरवा. फट किती ठेवायची ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. लहान गाड्यांना ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरमध्ये असते, इनलेट आणि एक्झॉस्टला कधी वेगवेगळी. त्या मापाची पट्टी आत घाला. ती ओढताना जाणवला पाहिजे तो ओढा म्हणजे तेल लागलेल्या दोन बोटांतून कागद ओढावा तेवढा. सुळकन निघाली तर सैल, वाकली तर घट्ट. लॉकनट आवळताना मधला स्क्रू थोडा फिरतोच. म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. दुसऱ्यांदा बघण्याचा आळस केला की पहिली सगळी मेहनत वाया.

"धूर मारायलीय" म्हणून येतात तेव्हा मी आधी विचारतो, कधी? सकाळी चालू करताना निळा भपका येतो आणि मग बंद होतो, किंवा परळीच्या घाटात थ्रॉटल सोडून उतरल्यावर पुन्हा ओढली की भपका येतो, तर वॉल्व्हचे सील गेलेत. ओढताना सतत निळा येत असेल तर रिंगा-पिस्टन. काळा असेल तर कार्बोरेटर नाहीतर तुंबलेला फिल्टर. थंडीत सकाळी पांढरी वाफ येते, ती काहीच नाही. ज्यांच्याकडं कॉम्प्रेशनचा मीटर नाही त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून किक हातानं दाबून बघावी. दम वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर वॉल्व्ह.

हाफ इंजिन, म्हणजे हेड आणि ब्लॉक उघडून पिस्टन-रिंगांचं काम, घरी करायचं असेल तर एकच सल्ला सगळ्यात आधी. पिस्टन किट विकत घ्या, मग ब्लॉक लेथवाल्याकडं न्या. लोक आधी बोअर मारून घेतात आणि मग पिस्टन शोधतात. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा मापांनी पिस्टन वाढत जातात, जुन्या पिस्टनच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो, आपण कुठल्या पायरीवर आहोत ते त्यावरून कळतं. लेथवाल्याच्या हातात नवा पिस्टन द्या आणि याच्या मापानं मार म्हणा. ब्लॉक आला की नवी रिंग मोकळी बोअरमध्ये टाका, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट गेजनं मोजा. तोंड एकमेकाला टेकत असेल तर ती रिंग गरम झाल्यावर बोअर फाडणार. रिंगेवर अक्षर असतं ती बाजू वर. तीन रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, तीन दिशांना पांगवा. पिस्टनवर 'इन' लिहिलेलं ते इनलेटकडं.

आणि सर्क्लिप. पिस्टनची पिन धरून ठेवणारी ती स्प्रिंगची कडी. ती बसवण्याआधी खालच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबायचं, हे मी पोरांना शंभरदा सांगतो. २००३ च्या मार्चात मीच विसरलो. एका दूधवाल्याची स्प्लेंडर होती, पहाटे चारला त्याला निघायचं होतं. रात्री साडेदहाला कडी चिमट्यातून सुटली, टिंग असा आवाज झाला आणि क्रँककेसमध्ये गेली. चुंबक लावलेली तार घालून दीड तास शोधली. सापडली नाही. गाडी आडवी केली, उलटी केली, तेल गाळून बघितलं. पहाटे पावणेतीनला ती क्रँकच्या वजनामागं चिकटलेली दिसली. दूधवाला बाकावर झोपलेला होता, उठून एवढंच म्हणाला, "झालं का?" मी हो म्हणालो. कडी त्याच्यासाठी नवीनच घातली. जुनी पुन्हा कधीच वापरायची नाही, आणि तिचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ द्यायचं नाही.

तेलाच्या कूलरवाल्या गाड्या थोड्या वेगळ्या. पल्सर २२० कार्बोरेटर घेऊन २००९ ला आली, पुढं छोटा रेडिएटरसारखा कूलर. लोकांना वाटतं त्यात पाणी असतं. पाणी नाही, इंजिनाचंच तेल पाइपातून पुढं जातं, वाऱ्यावर गार होतं आणि परत येतं. पात्या ब्लॉकला असतातच, कूलर ही वरची मदत. म्हणजे या गाडीला चिखलाची दोन ठिकाणं. कूलरच्या जाळीतल्या पत्र्याच्या पापण्या कागदासारख्या असतात. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा समोरून मारला की त्या आडव्या पडतात आणि वारा कायमचा बंद. मऊ ब्रश, साबण आणि मागच्या बाजूनं हळू पाणी. आडव्या पडलेल्या पापण्या आगकाडीनं एकेक उभ्या करायच्या, तांदूळ निवडल्यासारखं निवांत काम आहे.

तेल बदलताना कूलरमध्ये जुनं थोडं राहतंच. नवं तेल भरा, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा, गाडी सरळ उभी धरून पातळी बघा आणि मग उरलेलं घाला. पाइपाच्या टोकाला भोक असलेला बोल्ट असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर. हे वॉशर दरवेळी नवीन. २०१४ ला मी जुनेच लावले, दुकान बंद होतं, मालक घाईत होता. परळीच्या घाटात त्याच्या उजव्या बुटावर तेल उडायला लागलं. ब्रेकवरून पाय घसरला म्हणून त्यानं खाली बघितलं, तोवर मागच्या टायरची अर्धी बाजू चकाकत होती. पोरगा शहाणा, हळूच थांबला आणि मला फोन केला. मी टेम्पो घेऊन गेलो. पैसे घेतले नाहीत, त्यानं दिले असते तरी घेण्याची हिंमत नव्हती.

आता मॉडिफिकेशन. पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात. माझा पहिला प्रश्न, गाडी कुठं चालवणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीत कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा मोठा बदल करता येत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्यानं करायला आरटीओत गाडी दाखवावी लागते, तिथं कापलेली चेसी कशी दाखवणार? चेसी कापणं आणि चेसीला वेल्डिंग मी करत नाही. दुधाच्या कॅनचं कॅरिअर क्लॅम्पनं लावून देतो.

सायलेन्सरमधली पुंगळी काढणं. आवाजाचं सोडा, त्याबद्दल पोलीस बोलतील. पुंगळी निघाली की धूर मोकळा होतो, मिश्रण पातळ पडतं, आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह आणखी तापतो. डब्यातली ती जळलेली वॉल्व्ह अशाच गाडीची. त्याहून वाईट म्हणजे फिल्टरचा डबा फेकून कार्बोरेटरला लावलेला तो उघडा शंकू. ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीमागून दहा किलोमीटर चालवा आणि त्याच्या आत बोट घालून बघा. तीच धूळ रिंगांना लागते. एका हंगामात नवा बोअर खाल्लेली आरएक्स माझ्याकडं आली होती. जुना डबा शोधून बसवा. स्पंजचा फिल्टर असेल तर धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून चांगला पिळून लावा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला.

काही बदल मात्र मी आनंदानं करतो. वजन वाहणाऱ्या गाडीला मागचे शॉकॲब्जॉर्बर जाड स्प्रिंगचे. बालाघाटच्या डोंगरातल्या गावी रोज चढणाऱ्याला पुढचं चेनचक्र एका दातानं लहान. चौदाचं तेरा केलं की ओढ साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढते, टॉप स्पीड साधारण सात टक्क्यांनी कमी होतो, पण चढावर इंजिन कण्हत नाही आणि त्यामुळं कमी तापतं. जुन्या स्प्लेंडरला एलईडी घालायची घाई करू नका, तिचा हेडलाइट सरळ कॉइलच्या करंटवर चालतो, एलईडी लुकलुकतो. आधी अर्थिंगची वायर खरवडून घट्ट करा, काळा पडलेला रिफ्लेक्टर बदला. निम्म्या गाड्यांचा उजेड एवढ्यानंच परत येतो.

हाफ इंजिन केलेल्या गाडीला पहिले पाचशे किलोमीटर जपा. एकाच वेगानं लांब चालवू नका, वेग कमी-जास्त करत रहा, मागं कुणाला बसवू नका, उन्हात भर दुपारी नको. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन गार असताना हेडचे नट आडव्या क्रमानं एकदा तपासा आणि टॅपेट पुन्हा बघा. पाचशेला तेल काढा, पांढऱ्या ताटलीत. नव्या रिंगांची चमकी त्यात चंद्रकोरीसारखी फिरताना दिसेल, तिला घाबरू नका. बोटाला टोचेल असा तुकडा लागला, तर मात्र किक मारू नका, गाडी ढकलतच आणा.